उजव्या गालावरचं ऊन

माझे मामा एकतीस वर्षं ट्रक चालवत होते. नाशिकहून कांदा नाहीतर द्राक्षं भरायची आणि सुरत, इंदूर गाठायचं. मामेबहिणीच्या लग्नाचा अल्बम आला तेव्हा मामी पानं उलटता उलटता थांबली. "हा फोटो दहा वर्षांपूर्वीचा वाटतो की नाही गं?" दोन्ही फोटो एकाच संध्याकाळचे, हळदीच्या मांडवातले होते. एक डावीकडून काढलेला, दुसरा उजवीकडून. डावा गाल साठीच्या माणसाचा असतो तसाच. उजव्या बाजूला मात्र डोळ्याच्या कोपऱ्यातून कानापर्यंत पंख्यासारख्या पसरलेल्या रेषा, गालाची कातडी जाड आणि खरबरीत, डोळ्याखाली सैल पडलेली. उजवीकडे ड्रायव्हरची खिडकी असते.

पुढे मला कळलं की असाच एक चेहरा वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला. त्यानं २८ वर्षं मालाची गाडी चालवली होती आणि त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे असतं, एवढाच फरक. दोन्ही गालांचं वय एक, रक्त एक, जेवणखाण एक. वेगळं होतं ते फक्त खिडकीतून येणारं ऊन. सुरकुत्यांबद्दल मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथं आहे. वयामुळे येणाऱ्या सुरकुत्या टळत नाहीत. पण चेहऱ्यावर दिसतं त्यातलं बरंचसं वयाचं नसून उन्हाचं असतं आणि ते आपण बऱ्याच अंशी रोखू शकतो.

हे नीट कळायला कातडीच्या आत डोकवायला हवं. वरचा थर पातळ असतो, त्याच्या पेशी झिजून पडतात आणि साधारण महिनाभरात नव्या येतात. खरी ताकद खालच्या थरात. तिथं कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू एकमेकांत विणलेले असतात आणि सोबत इलॅस्टिनचे लवचीक धागे. गावाकडची काथ्यानं विणलेली बाज डोळ्यांपुढे आणा. वीण ताठ असते तोवर बाज सपाट राहते. काथ्या जीर्ण झाला, मधले पेड तुटले की झोळ पडतो. मग वर कितीही चांगली चादर घाला, झोळ तसाच. चेहऱ्याला लावायची बहुतेक क्रीमं ही चादर असतात. वीण शाबूत ठेवणारे किंवा ती थोडीफार दुरुस्त करणारे उपाय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

प्रौढ झाल्यानंतर दरवर्षी कोलॅजन साधारण एक टक्क्यानं कमी होत जातं. बायकांच्या बाबतीत पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा वेग बराच वाढतो. ही झाली निसर्गाची गती. ऊन यात दोन्हीकडून घाव घालतं. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कातडीत कोलॅजन कापणारी विकरं (एन्झाइम) जागी होतात आणि त्याच वेळी नवं कोलॅजन तयार होणं मंदावतं. शरीर दुरुस्ती करतं, पण प्रत्येक वेळी थोडी कसर राहते. वीस-तीस वर्षांच्या अशा कसरी साठून एक रेघ दिसायला लागते.

अतिनील किरणांचे आपल्याला महत्त्वाचे प्रकार दोन. यूव्हीबी कातडी भाजतात, लाल करतात, म्हणून ते लक्षात येतात. यूव्हीए काहीच जाणवू देत नाहीत, पण खोलवर, थेट त्या विणीपर्यंत पोचतात. साधी काच यूव्हीबी बऱ्यापैकी अडवते, यूव्हीए मात्र तिच्यातून आत येतात. गाडीची पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून बनवतात, ती बहुतेक यूव्हीए अडवते. बाजूची काच तशी नसते. शिवाय मामांची बाजूची काच बाराही महिने उघडी आणि कोपर बाहेर. ऑफिसात खिडकीशी बसणाऱ्यांनी आणि बाल्कनीत पेपर वाचणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. ढगाळ हवेत ऊन भासत नाही, तरी किरण येतच असतात.

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला मेलॅनिन या रंगद्रव्याचं संरक्षण असतं. त्यामुळे युरोपातल्या गोऱ्या माणसांच्या मानानं आपल्याला सुरकुत्या उशिरा पडतात. पण तेच मेलॅनिन चिडलं की डाग पडतात. गालांवर वांग येणं, डोळ्यांभोवती आणि ओठांभोवती काळवंडणं, रंग एकसारखा न राहणं ही आपल्याकडे उन्हानं झालेल्या नुकसानीची पहिली खूण. पुढे लेझरचा आणि पीलचा, म्हणजे रसायन लावून कातडी सोलण्याचा, विषय येईल तिथं ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

आता उपाय. पहिला सनस्क्रीनचा, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण इतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्याच क्रीमच्या मागे नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर गावी १९९२ ते १९९६ या काळात एक चाचणी झाली. ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटानं रोज सनस्क्रीन लावायचं, दुसऱ्यानं आपल्या मर्जीनं, वाटेल तेव्हा. हाताच्या पाठीचे ठसे घेऊन कातडीची जाळी मोजली. साडेचार वर्षांनंतर रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं वय मोजण्याइतकं वाढलेलं नव्हतं आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत वार्धक्याच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी होत्या. वापरलेलं सनस्क्रीन काही फार भारी नव्हतं, एसपीएफ १५ च्या आसपासचं. फरक पडला तो रोज लावल्यानं.

डबीवरचे आकडे असे वाचायचे. एसपीएफ हा यूव्हीबीचा आकडा. प्रयोगशाळेत एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के, ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवतं. ३० आणि ५० मध्ये फार अंतर नाही, तेव्हा १०० च्या मागे धावून उपयोग नाही. सुरकुत्यांसाठी पाहायचं ते यूव्हीएचं संरक्षण. त्यासाठी जपानमधून आलेली पीए ही खूण असते आणि पुढे अधिकची चिन्हं. तीन किंवा चार अधिक असलेलं घ्या. हे सगळे आकडे कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन मोजलेले असतात. आपण लावतो त्याच्या निम्मं, कधी चतुर्थांश. म्हणून घरगुती माप सांगते: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक रेघ पिळायची. तेवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. पहिल्यांदा हे प्रमाण पाहून माझी बहीण म्हणाली, "एवढं? हे तर आठवड्याचं झालं." हाच घोटाळा आहे. महाग ट्यूब आणून मूगभर लावण्यापेक्षा परवडणारी आणून दोन बोटं लावणं कितीतरी चांगलं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, घाम आला, तोंड धुतलं तर त्याआधीही. कान, मानेची मागची बाजू आणि हातांची पाठ सगळेच विसरतात.

वांग असेल तर रंग मिसळलेलं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन जास्त कामाचं. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणाऱ्या प्रकाशालाही काही प्रमाणात अडवतं आणि वांग त्या प्रकाशानंही वाढतो. पांढरा थरही दिसत नाही.

आणि कापड! पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, हातात लांब मोजे घालतात. बाहेरचे लोक यावरून चेष्टा करतात, पण मला विचाराल तर यापेक्षा शहाणपणाचं काही नाही. घट्ट विणीचं कापड घामानं पुसून जात नाही, दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही. शेतात डोक्यावरून पदर पुढे ओढून निंदणाऱ्या बायकांनाही हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. डोळे मात्र उघडे राहतात, तिथं गॉगल हवा. उन्हात सतत डोळे बारीक केल्यानंही कोपऱ्यात रेषा पडतात. महाराष्ट्रात एप्रिल-मेच्या दुपारी अतिनील निर्देशांक, म्हणजे हे किरण किती तीव्र आहेत ते सांगणारा आकडा, दहाच्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटना तो तीनला पोचला की काळजी घ्या म्हणते. ड जीवनसत्त्वाची शंका येईल, ती रास्त आहे. पण त्यासाठी चेहराच उन्हात धरायला हवा असं नाही, हात-पाय आहेत. कमतरता असेल तर रक्त तपासून डॉक्टर गोळ्या देतात.

सिगारेटबद्दल थोडक्यात. कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, कोलॅजन तुटतं आणि ओठांभोवती उभ्या रेषा येतात. सोडणं हाच उपाय. चुलीच्या धुराचा संबंधही चीनमधल्या बायकांच्या एका अभ्यासात दिसला आहे. आपल्याकडच्या कितीतरी आज्या-मावश्यांचं आयुष्य त्या धुरात गेलं.

मॉइश्चरायझर सुरकुत्या रोखत नाही, तरी लावावं. कोरड्या कातडीवरच्या बारीक रेषा पाणी धरल्यावर काही तास उथळ दिसतात आणि आग-खाज थांबते. त्यासाठी दोन हजारांची बाटली लागत नाही.

विणीला हात घालणारं औषध म्हणजे रेटिनॉइड, अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं. यातलं ट्रेटिनॉइन अमेरिकेत १९७१ मध्ये मुरुमांसाठी मंजूर झालं. फिलाडेल्फियाच्या डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांच्या लक्षात आलं की मुरुमांसाठी ते लावणाऱ्या प्रौढ बायकांची कातडी नितळ होते, बारीक रेषा कमी होतात. ऐंशीच्या दशकात त्यावर रीतसर अभ्यास झाले आणि १९९५ मध्ये बारीक सुरकुत्यांसाठीही त्याला मान्यता मिळाली. या इतिहासाला एक काळी बाजू आहे, ती लपवू नये. क्लिगमन यांनी होम्सबर्गच्या तुरुंगात कैद्यांवर वर्षानुवर्षं कातडीचे प्रयोग केले. आज ज्या ट्यूबा आपण सहज विकत घेतो त्यांच्यामागे त्या माणसांच्या पाठी आहेत.

ट्रेटिनॉइन डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं. रेटिनॉल हे त्याचं सौम्य भावंड, सीरममध्ये मिळतं. कातडीत त्याचं रूपांतर व्हावं लागतं म्हणून ते हळू चालतं. दोन्ही रात्रीच लावायची. तोंड धुऊन पूर्ण कोरडं होऊ द्यायचं आणि अख्ख्या चेहऱ्याला मिळून मटारच्या एका दाण्याएवढं. पापण्या, नाकाचे कोपरे, ओठांच्या कडा सोडायच्या. पहिले तीन-चार आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, वरून मॉइश्चरायझर. या काळात कातडी सोलते, लाल होते आणि बहुतेक जण इथंच घाबरून सोडतात. दिवसांचं अंतर वाढवा, पण लगेच टाकून देऊ नका. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. सकाळी सनस्क्रीन नसेल तर रात्रीच्या रेटिनॉइडला अर्थ उरत नाही. आणि गरोदर असाल किंवा दिवस जावेत म्हणून प्रयत्न करत असाल तर हे अजिबात लावायचं नाही.

क जीवनसत्त्वाच्या सीरमचा सनस्क्रीनखाली थोडा उपयोग होतो. १० ते २० टक्क्यांचं घ्यावं आणि तपकिरी झालं की फेकावं, कारण ते बिघडलेलं असतं. लिंबू चोळणं म्हणजे क जीवनसत्त्व लावणं नव्हे. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यावर कातडी भाजून काळे चट्टे पडतात. बेसन-दूध, साय यांनी तोंड स्वच्छ आणि मऊ होतं, तेवढंच त्यांचं काम. कोलॅजनची पावडर पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखीच पचते. तिच्या बाजूनं सांगितले जाणारे बरेच अभ्यास ती विकणाऱ्यांच्याच पैशांवर झालेत. मी तो पैसा डाळ, अंडी आणि फळांवर घालवेन.

यापुढचा भाग प्रत्येक आईनं आपल्या मुलीला वाचून दाखवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या शेजारची एक मुलगी, बारावीतली, मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावायची. मैत्रिणीनं सांगितलं होतं. आठवड्याभरात चेहरा उजळला, मुरुम बसले, सगळ्यांनी कौतुक केलं. सात-आठ महिन्यांनी ती आमच्याकडे आली तेव्हा दारातच उभी राहिली. स्वयंपाकघरातून गॅसची धग येत होती, ती तिला सोसत नव्हती. गाल टोमॅटोसारखे लाल, जवळून पाहिलं तर कातडीखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक नसा, हनुवटीवर लव. ट्यूब लावली नाही की आग, लावली की बरं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड हे गुणाचं औषध आहे, इसब आणि सोरायसिससारख्या आजारांत डॉक्टर ते मोजून देतात. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं तर ते कातडी पापुद्र्यासारखी पातळ करतं, कोलॅजन कमी करतं. म्हणजे जी वीण जपायची तीच उसवते. हे इतकं सर्रास आहे की भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला आजार म्हणून वेगळं नाव दिलं आणि त्यांच्या संघटनेनं मोहीम उघडली. २०१८ मध्ये सरकारनं अशी चौदा मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी ती मिळतात. ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते सौंदर्यप्रसाधन नाही हे ओळखा. आधीपासून लावत असाल तर एकदम बंद न करता स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.

ज्या क्रीमवर घटकच छापलेले नाहीत ते तर घरात आणूच नका. अकोल्यात एकाच कुटुंबातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडली आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी सगळीकडे आली होती. पारा मेलॅनिन अडवतो म्हणून चेहरा उजळतो आणि कातडीतून शिरून मूत्रपिंडात साठतो.

दवाखान्यातल्या उपचारांकडे वळण्याआधी आरशासमोर एक गोष्ट करा. दिवसा खिडकीकडे तोंड करून बसा, चेहरा सैल सोडा आणि रेषा पाहा. मग भुवया उंचावा, कपाळाला आठ्या घाला, हसा. हालचाल केली तरच दिसणारी रेष स्नायूंची. चेहरा सैल असतानाही राहणारी आणि जाळीसारखी पसरलेली उन्हाची. नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी बरीचशी गालाचा भराव कमी झाल्याची. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून 'सुरकुत्यांवर एकच उपाय' अशी जाहिरात दिसली की पुढे जावं.

बोटॉक्स चालतं ते पहिल्या प्रकारावर. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचं हे विष, अत्यंत सूक्ष्म मात्रेत. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठी त्याचा वापर शोधला आणि १९८९ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. सुरकुत्यांचा शोध कॅनडात, व्हँकुव्हरमध्ये लागला. डॉ. जीन कॅरथर्स पापण्या सारख्या मिटणाऱ्या रुग्णांना हे इंजेक्शन देत. एका बाईनं १९८७ मध्ये तक्रार केली, यावेळी भुवयांमध्ये का नाही दिलं? तिथं दिलं की माझा चेहरा शांत दिसतो. जीन यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून हे पुढे नेलं. भुवयांमधल्या आठीसाठीची अमेरिकी मान्यता २००२ ची.

मज्जातंतू स्नायूला आकुंचन पावायचा निरोप एका रसायनातून देतो, बोटॉक्स तो निरोप अडवतं. स्नायू ढिला पडतो, वरची कातडी दुमडत नाही. तीन ते सात दिवसांत परिणाम सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो, कारण निरोपाची वाट पुन्हा खुली होते. भुवयांमध्ये नेहमीची मात्रा २० युनिट, पाच ठिकाणी विभागून. औषध चुकीच्या स्नायूत उतरलं तर पापणी काही आठवडे लोंबते. चेहरा सैल असतानाही आठी राहायला लागली असेल तर विचार करायला हरकत नाही. पंचविशीत, रेघ नसताना, 'पुढे येऊ नये म्हणून' घेण्याची घाई मला पटत नाही. ते सुरू ठेवायचा खर्च वर्षातून तीन-चारदा येतो. गरोदर असताना आणि अंगावर पाजत असताना घेत नाहीत.

फिलर म्हणजे भराव. बहुतेक वेळा हायलुरोनिक ॲसिडची जेली, सहा महिने ते दीड वर्ष टिकते. नको झाली तर हायलुरोनिडेज नावाच्या इंजेक्शननं विरघळवता येते, ही तिची चांगली बाजू. धोका असा की जेली रक्तवाहिनीत गेली तर तिथली कातडी मरते आणि क्वचित कायमची दृष्टी जाते. टोचल्यावर एखादा भाग पांढराफटक पडला, फार दुखलं, दिसायला अंधुक झालं तर मिनिटंही दवडायची नसतात. ते विरघळवणारं इंजेक्शन खोलीत तयार आहे का, हे आधी विचारावं. पार्लरमध्ये बिनसुईच्या पेननं ओठ भरून देतात, तिकडे फिरकू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२१ मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे.

पील, मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) आणि लेझर यांचं तत्त्व एकच. कातडीला मोजून इजा करायची, म्हणजे ती भरून येताना नवं कोलॅजन विणते. सावळ्या कातडीत इजेनंतर काळा डाग राहतो, ही आपली खरी अडचण. गोऱ्या कातडीला चालणारी लेझरची तीव्रता आपल्याला डाग देऊन जाते. म्हणून आपल्याकडे सौम्य पील, कमी तीव्रता, जास्त बैठका आणि आधी-नंतर कडक ऊन-बंदोबस्त असा रिवाज आहे. पंधरा दिवसांवर लग्न आलंय म्हणून पहिल्यांदाच पील करून घेणं टाळा. मे महिन्यात तर नकोच. पार्लरच्या फेशियलनं थकवा उतरतो, रक्त खेळतं, दोन दिवस चेहरा तजेलदार दिसतो. आवडत असेल तर जरूर करा, विणीपर्यंत मात्र ते पोचत नाही.

यातलं काहीही करायचं तर समोरच्या माणसाकडे त्वचारोगशास्त्राची किंवा प्लास्टिक सर्जरीची पदवी आहे का आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, हे सरळ विचारा. बोटॉक्सची बाटली तुमच्यासमोर उघडायला लावा, किती युनिट दिली ते कागदावर घ्या. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही.

उशीर झाला असं मानणाऱ्यांना नॅम्बोरची चाचणी आठवते का? त्यात चाळिशी-पन्नाशीतले लोकही होते. मामांचा मुलगा आता तोच ट्रक चालवतो. अल्बम पाहिल्यापासून त्याच्या डॅशबोर्डवर सनस्क्रीनची ट्यूब असते, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. कसारा घाटाच्या अलीकडे चहाला थांबला की तोंड धुतो, पुसतो आणि दोन बोटांवर पुन्हा पिळतो. आधी उजव्या गालाला लावतो, मग डाव्या.